संशोधनाचा ताळेबंद



महाड-पोलादपूरची आपली मुले संशोधनाकडे वळत असतील, तर ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या आपणांस एक कटू सत्य ठाऊक असावे. तेथे श्रम आणि मोबदला यांचा ताळमेळ वर्षअखेरीस बसत नाही.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचेच उदाहरण घ्या. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करीत जावे. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतेच. हा शोध त्यांचा, १९४९ चा. परंतु पदव्युत्तर पदवी आणि विद्यापीठातील पद नसल्याने अनेक विद्वानांनी त्यांची उपेक्षा केली. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी त्यांचे वय ७० होते.

आजही पीएच.डी.स किमान ३ वर्षे द्यावी लागतात, ६ देखील लागू शकतात. पुढे कायम नोकरीची हमी नाही. म्हणून ‘अजून किती दिवस?’ असे मुलांना विचारण्यापेक्षा, आपण किती वर्षे भार उचलू शकतो हे आरंभीच स्पष्ट सांगावे. अर्ध्या वाटेवर काढून घेतलेला हात सर्वांत महाग पडतो.

जय जिनेंद्र!