चाचणी घरी, निकाल माणसाकडून



 आपल्या डॉक्टरांच्या संघटनेची अध्यक्ष म्हणून आज एकाच गोष्टीविषयी बोलायचे ठरवले आहे, कारण ती आपल्या दवाखान्यांच्या दारात येऊन उभी राहिली आहे. मुलगा किंवा सून घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन येते आणि बसायच्या आधी मोबाइल पुढे करते. "बाबांनी घरीच ऑनलाइन टेस्ट दिली, मार्क कमी आलेत. अल्झायमर आहे का?" बाबा शेजारीच असतात आणि सगळे ऐकत असतात.

या प्रश्नाचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे नसते. मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ साली एमसीआयचे, म्हणजे सौम्य बोधनक्षमता ऱ्हासाचे, निकष मांडले. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणी, पण रोजचे व्यवहार शाबूत, अशी ही निरोगी म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश यांच्या मधली अवस्था. यातले काही जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तिथेच राहतात, काही चक्क सुधारतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, यांपैकी काहीही गुण खाली ओढू शकते. हे पडद्यावरच्या आकड्याला ठाऊक नसते.

घरी दिलेल्या चाचणीला माझा विरोध मुळीच नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील डग्लस शारे यांची 'सेज' ही चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाने स्वतःच कागद-पेनाने सोडवायची, एकूण गुण २२, घड्याळाचा धाक नाही. तिच्या चार समतुल्य आवृत्त्या आहेत, त्यामुळे पुन्हा देताना जुनी उत्तरे पाठ असण्याची भीती कमी. पुढे ती टॅबलेटवरही आली. अशा चाचणीचे खरे बळ तिच्या पुनरावृत्तीत आहे. निवृत्त मुख्याध्यापकांना १८ गुण पडले, तर आपण त्यांना निश्चिंत मनाने घरी पाठवू. पण दीड वर्षापूर्वी त्यांनाच २१ होते हे कळले, तर नक्कीच थांबू. ही तुलना त्यांची त्यांच्याशीच आहे, म्हणून ती मोलाची.

मात्र समोर बसून चाचणी घेताना आपण गुणांपेक्षा कितीतरी जास्त पाहतो. घड्याळ काढताना आकडे एका बाजूला दाटले का, चूक स्वतःच्या लक्षात आली का, उत्तर देण्याआधी मान बायकोकडे वळली का. ही वळणारी मान मला अनेकदा गुणांहून अधिक सांगून गेली आहे. घरी ते कोण पाहणार? तिथे तर सूनबाई मायेपोटी हळूच सांगते, "बाबा, आज गुरुवार." शिवाय जुन्या फोनचा पडदा स्पर्श उशिरा टिपतो आणि तो उशीर वृद्धाच्या मेंदूच्या खात्यावर मांडला जातो.

आणि आपल्या भाषेचे काय? १९९५ मध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी एका इंग्रजी चाचणीवरून हिंदी चाचणी सिद्ध केली. मूळ चाचणीत लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटायचे होते. इथे परीक्षकाकडे पाहून तसेच करायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्या बुद्धीला असा मान देणारे काम मला आजही अनुकरणीय वाटते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा चाचणी-संच आला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यांत नव्हती. ही उणीव भरून काढणे आपले काम आहे, दुसऱ्या कुणाचे नाही.

म्हणून दोन मागण्या. एक, मराठीत घरी द्यायची चाचणी तयार करणाऱ्यांनी निकाल थेट पडद्यावर दाखवू नये. तो डॉक्टरांकडे यावा आणि रुग्णाला समोर बसवून, त्याचे म्हणणे ऐकून सांगितला जावा. दुसरी मागणी आपल्या सर्वांकडे. कधी शाळेत न गेलेले, चौथी शिकलेले, मॅट्रिक, पदवीधर, अशा निरोगी मराठी वृद्धांचे गुण वेगवेगळे नोंदवल्याशिवाय कमी कशाला म्हणायचे हेच ठरणार नाही. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्या संघटनेचे सभासद आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातल्या अशा वृद्धांची नोंद, त्यांची रीतसर संमती घेऊन, सुरू करावी. त्यासाठीचा एकच नमुना आपण उद्याच्या सत्रात ठरवू या. सर्वांनी थांबावे, ही विनंती.