पायऱ्या न चढता मांड्यांना बळ

उमरखेडहून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून लांब. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटलेल्या रुग्णाला तर अंगणातून घरात येतानाही धाप लागते. चालणं सुटतं, मग मांड्या सुकतात आणि उरलंसुरलं चालणंही अवघड होतं.

अशा रुग्णांसाठी फिजिओथेरपीत एक उपाय आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर चिकट पट्ट्या लावून हलका विद्युतप्रवाह सोडतात. स्नायू आपोआप आखडतात, सैल पडतात. रुग्ण बसलेला किंवा पडलेला असतो, त्यामुळे हृदयावर फारसा ताण येत नाही. रोज अर्धा ते एक तास, काही आठवडे.

दीर्घ आजारांतील स्नायुदौर्बल्यावर या उपायाचे 18 अभ्यास कॉक्रेन या संस्थेने 2016 मध्ये एकत्र तपासले. त्यांत हृदयरुग्णही होते. मांड्यांची ताकद वाढलेली दिसली, पुरावा मात्र कमी दर्जाचा ठरला. म्हणूनच ज्याला चालता येतं, त्याने चालावंच. हा उपाय ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी.

पेसमेकर बसवला असेल किंवा पायात रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाजारातलं यंत्र मुळीच लावू नये. हृदयाच्या गोळ्याही सुरूच ठेवायच्या.