पांढऱ्या मुळीची विचारपूस

आपल्या मराठवाड्यात कुणी वारलं की आपण 'मातीला चाललो' म्हणतो. हिंदूही म्हणतो, मुसलमानही म्हणतो. मातीची आठवण येते ती अशी शेवटच्या दिवशी. मोसंबीच्या बागांचंही तसंच आहे. झाड वाळल्यावर आपण खाली बघतो.

पैठण-पाचोडपासून जालन्यापर्यंत हा मोसंबीचा मुलूख. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या कितीतरी बागा वाळल्या, लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडली. तेव्हा पाणी नव्हतं. पण पाणी असलेल्या बागाही खचतात. पानं पिवळी पडतात, शेंडे वाळतात, खोडातून डिंक गळतो. शेतकरी म्हणतो, डिंक्या आला. मग आणखी पाणी, आणखी खत. माझ्यासारख्या कवीला वाटेल, झाड रडतंय. पण दुखणं त्याच्या पायाशी असतं.

फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्मजीव हे करतो. दिसतो बुरशीसारखा, पण नातं समुद्री शेवाळाशी जवळचं. साचलेल्या पाण्यात त्याचे बीजाणू चक्क पोहतात आणि पांढरी मुळी कुजवतात. चिबड काळी जमीन आणि बुंध्याशी तुंबलेलं पाणी, त्याला आणखी काय हवं? याच्याच एका भाऊबंदाने १८४५पासून आयर्लंडचा बटाटा नासवला. दुसरा स्पेन-पोर्तुगालमधली ओकची जंगलं पोखरतो आहे.

मातीत वैरी असतात तसे सोयरेही असतात. त्याच ओकच्या, बीचच्या मुळ्यांवर बुरशीचं आवरण पाहून जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रँक यांनी १८८५ साली या जोडीला 'मायकोरायझा' म्हणजे 'बुरशी-मूळ' असं नाव दिलं. बुरशी लांबचं पाणी आणि स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. मोसंबीच्या मुळांतही अशी एक बुरशी नांदते. पण आपण वर्षानुवर्षं वरून स्फुरद ओतत राहिलो की झाड ही सोयरीक सैल करतं. आयतं मिळतंय, मग साखर कशाला खर्चायची?

उपाय फार खर्चाचे नाहीत. दुहेरी आळं करून पाणी बुंध्यापासून दूर द्यावं. पावसाचं पाणी चर काढून बाहेर घालवावं. कलमाचा जोड मातीत गाडू नये. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'बायोमिक्स' हेही उपयुक्त जिवाणू-बुरशींचं मिश्रणच आहे. मात्र ही सगळी जिवंत पाहुणेमंडळी. शेणखत, पालापाचोळा, थोडी ओल यांच्याशिवाय ती राहतील कशी?

तेव्हा एवढं करा. झाडाखाली वीतभर उकरून बघा. मुळी पांढरी, कोवळी असेल तर घमेलंभर शेणखत टाकून माती नीट लोटून द्या. तपकिरी असेल, बोटाने साल सुटत असेल, तर खताची गोणी फोडण्याआधी साचलेलं पाणी काढून द्या आणि कृषी विद्यापीठाच्या माणसाला बोलवा. झाड उभं आहे तोवरच मातीला जाण्यात शहाणपण आहे.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)