मुलाखतीत दोन बाजू असतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनानिमित्त चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवली. गेल्या काही महिन्यांत आपल्या आळीतल्या तीन मुली नोकरीच्या मुलाखतींना जाऊन आल्या. मुलगी उंबरठ्यात पाऊल टाकते न टाकते तोच आपण विचारतो, "काय ग, झाली का निवड?" त्यांनी तिला पसंत केले की नाही, याची आपल्याला घाई. तिला ते ठिकाण पसंत पडले का, हे मात्र आपल्या तोंडून निघत नाही. आज त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयीच बोलणार आहे.

मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट असा आहे, आणि भेट म्हटली की दोन बाजू आल्या. आपल्या वेळी मुलगी दाखवायची म्हणजे तिने जमिनीकडे पाहायचे आणि विचारतील तेवढ्याचे उत्तर द्यायचे. ती चाल आता पुष्कळ बदलली. आपल्या लेकी मुलालाही चार प्रश्न विचारतात आणि आपण कौतुकाने ऐकतो. पण त्याच मुली नोकरीच्या खुर्चीत बसल्या की पुन्हा मान खाली जाते. दिवसाचे आठ-दहा तास जेथे काढायचे, ते घर कसे आहे हे पाहायला नको का?

माझा एक अनुभव सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि आमच्या घरचेही होते. वर्ष उलटले तरी संप मिटल्याची बातमी येईना. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले. माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या होत्या, वाण्याची उधारी वाढत चालली होती. मी जुनी अकरावी झालेली आणि टंकलेखनाची परीक्षा दिलेली. एका खाजगी शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कारकुनाची जागा असल्याचे कळले. अर्ज केला, बोलावणे आले.

समोर तीन गृहस्थ होते. बोलणे अगदी सभ्य. माझे अक्षर पाहिले, लांबलचक बेरीज करून घेतली, टंकयंत्रावर अर्धे पान काढायला लावले. सारे मनासारखे झाले. मग त्यांतले एक जण सहज म्हणाले, "बाई, पगारपत्रकावर सही ७५० रुपयांची करायची, हातात ४५० मिळतील. शिक्षकांचेही तसेच आहे. त्यांच्या सह्या दर महिन्याला तुम्हीच घ्यायच्या. आणि तुमचा मूळ दाखला आमच्या कपाटात राहील."

भगिनींनो, खरे सांगायचे तर प्रश्न माझ्या एकटीच्या सहीचा असता तर पोटासाठी कदाचित केलीही असती. पण चाळीसेक शिक्षक-शिक्षिकांपुढे ते खोटे पत्रक मी धरायचे होते. माझ्यासारख्याच संसार ओढणाऱ्या बायकांना "येथे सही करा" असे मी म्हणायचे होते. आत जाताना मी देवाला म्हणत होते, यांनी मला निवडावे. आता वाटू लागले, यांनी निवडले नाही तर किती बरे! आणि ते तर माझ्यावर खूष होऊन मान डोलावीत होते.

मी एवढेच विचारले, "हे नेमणुकीच्या पत्रात लिहून मिळेल का?" तिघेही हसले. मी वाद घातला नाही. "घरी विचार करून उद्या कळवते," असे म्हणून नमस्कार केला आणि बाहेर आले. रात्री घरी सर्व सांगितले. यजमान काहीच बोलले नाहीत. कमावता हात थांबलेल्या पुरुषाने बोलावे तरी काय? सासूबाई मात्र म्हणाल्या, "सूनबाई, उद्या कागद उघडले तर त्यावर हात कुणाचा दिसेल?" दुसऱ्या दिवशी, ही जागा स्वीकारता येत नाही, एवढे दोन ओळींचे पत्र मी टाकले.

याची किंमत पडली नाही असे म्हणणार नाही. पुढे चौदा महिने मी पापड लाटले. थोरल्याला त्या वर्षी नवा गणवेश मिळाला नाही. नंतर एका पतपेढीत ४०० रुपयांवर लागले. म्हणजे ५० रुपये कमीच. पण सही ४०० ची आणि हातातही ४००.

आता कोणी म्हणेल, मग काय जरा मनाविरुद्ध दिसले की मुलींनी नोकऱ्या नाकारीत सुटायचे? मुळीच नाही. गाडीची गर्दी, कडक साहेब, नवे यंत्र, अनोळखी माणसे यांची धास्ती सर्वांनाच वाटते आणि महिन्या-दोन महिन्यांत ती जाते. धास्ती आणि नावड यांतला फरक ओळखायला एक रात्र जाऊ द्यावी. धास्ती असेल तर सकाळपर्यंत कमी झालेली असते. मन खरोखर नको म्हणत असेल तर सकाळी ते अधिकच स्पष्टपणे नको म्हणते.

आणखी एक भेद आहे. काम मनापासून हवे असते, पण अट अन्यायाची असते. सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत गेल्या. त्या सेवेतल्या त्या पहिल्या महिला. मुलाखत घेणाऱ्या मंडळाने त्यांना या सेवेपासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला, आणि लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. त्यांनी नोकरी नाकारली नाही. आत राहून पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि स्त्रियांना लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमावर न्यायालयाने १९७९ साली कडक ताशेरे ओढले. अट जाचक पण काम मोलाचे असेल, तर आत शिरून लढता येते. काम स्वतःच दुसऱ्याला फसवण्याचे असेल, तर आत शिरून आपणच त्या फसवणुकीचा भाग होतो. हे दोन प्रसंग एका मापाने मोजू नयेत.

तेव्हा मुलींनो, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. खुर्चीत बसल्यावर नम्रपणे विचारा: नेमणुकीचे पत्र मिळेल ना? प्रत्यक्ष काम कोणते, सुटी किती वाजता? या जागेवर आधी कोण होते आणि त्यांनी ती का सोडली? दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ सालचा कायदा आहे. ती आहे का, हेही विचारा. मूळ प्रमाणपत्रे दाखवा, नकला द्या आणि मुळे परत घरी आणा. नोकरीसाठी अनामत मागितली तर तेथून उठा. नकार द्यायचा झाला तर गोड शब्दांत, लेखी आणि वेळेवर द्या. म्हणजे ती जागा जिला हवी असेल तिचा खोळंबा होत नाही.

आणि आम्ही थोरल्यांनी काय करावे? मुलगी दमून घरी आली की आधी पाणी द्यावे. "निवड झाली का?" हे दुसरे विचारावे. पहिले विचारावे, "तुला कसे वाटले ग ते ठिकाण?" ती "नको" म्हणाली, तर "शेजारच्या पोरीला मिळाली असती तर तिने उडी घातली असती," असे ऐकवू नये. का नको ते ऐकून घ्यावे. घरात खरोखरच अडचण असेल तर तीही तिच्यापासून लपवू नये, म्हणजे जो काय निर्णय होईल तो सर्वांचा मिळून होईल. त्या रात्री सासूबाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्यांनी हट्ट धरला असता तर मी त्या पत्रकावर सही केली असती, हे मला पक्के ठाऊक आहे.

आपल्या मंडळाच्या पुढील वर्षी हा साधा प्रश्न घरोघर विचारला जावो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.