रक्तातील साक्ष : साथीचे खरे मोजमाप

(रत्नागिरी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



साथ ओसरली की तिची आठवणही ओसरते. परंतु २०२० साली आपल्या जिल्ह्यात जे घडले ते विसरण्याजोगे नाही. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यास स्वतःच्या घरी न जाता गावच्या शाळेत दिवस काढावे लागले. कोठे त्याला दोन वेळचे जेवण पोचविणारे हात पुढे आले, तर कोठे वाडीच्या वाटेवर आडवी लाकडे पडली. रोग कोणी आणला याची चर्चा घरोघर होती. तो किती पसरला आहे, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते. हे उत्तर शास्त्र कसे शोधते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

रुग्णालयातील आकडा हा तपासणीस आलेल्या माणसांचा आकडा असतो. ज्यांना लक्षणेच जाणवली नाहीत, किंवा ज्यांनी ताप अंगावर काढला, ते त्यात येत नाहीत. परंतु त्यांच्या रक्तात नोंद राहते. विषाणूशी झुंजताना शरीर जी विशिष्ट प्रथिने तयार करते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. रोग गेल्यावरही ती काही काळ रक्तरसात टिकतात. निवडक लोकांच्या रक्तरसात ती शोधून संपूर्ण लोकसंख्येविषयी अनुमान काढणे, यालाच प्रतिपिंड सर्वेक्षण म्हणतात.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांचे रक्तरस तपासून कोणकोणते विषाणू येथे वावरून गेले याचा शोध घेणे, हे त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. कोविडच्या प्रतिपिंडांसाठी देशी चाचणी मे २०२० मध्ये याच संस्थेने सिद्ध केली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ७० जिल्ह्यांत पाहणी केली. मे-जून २०२० मध्ये प्रौढांतील प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दहा वर्षांवरील लोकांत ते ६.६ टक्के झाले, आणि जून-जुलै २०२१ मध्ये सहा वर्षांवरील लोकांत ६७.६ टक्के. दुसऱ्या पाहणीत असे आढळले की, नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे सुमारे २६ ते ३२ जणांना संसर्ग होऊन गेला होता.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेली पाहणी अधिक बोलकी आहे. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के, तर त्याच विभागांतील इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. एकाच शहरात, रस्त्याच्या दोन बाजूंना, एवढे अंतर! दाटीवाटीची घरे व सामायिक शौचालये यांचा हा परिणाम असावा, असे मानले गेले.

राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर व जळगाव हे सहा जिल्हे होते, रत्नागिरी नव्हता. एका शहरातील दोन वस्त्यांचे आकडे जर जुळत नाहीत, तर जळगावचा आकडा मंडणगडास किंवा राजापुरास कसा लागू पडावा? म्हणून अशा पाहणीची तयारी जिल्ह्यातच असली पाहिजे.

येथे कोकणची रचना ध्यानात घ्यावी लागते. आपले गाव एका जागी नसते. ते वाड्यांत विखुरलेले असते. रस्त्यालगतची घरे तपासून परत फिरल्यास डोंगरापलीकडील वाडी गणतीतून सुटते. म्हणून घरांची निवड चिठ्ठीनेच व्हावी. ती सरपंचांच्या सोयीने किंवा आरोग्य सेविकेच्या ओळखीने होऊ नये. बंद घरांचीही नोंद ठेवावी. शिमगा व गणेशोत्सव या दिवसांत गावची वस्ती बदलते, म्हणून पाहणीचा काळ स्पष्ट लिहावा. गावी वृद्धांचे प्रमाण अधिक असते. तेव्हा वयोगटानुसार हिशेब करणे आवश्यक ठरते.

आता आकडा वाचण्याविषयी. समजा, हजार वस्तीच्या गावात वीस जणांना संसर्ग होऊन गेला. चाचणी शंभरांपैकी पंचाण्णव बाधित अचूक ओळखते, परंतु शंभर निरोगी माणसांत तिघांना चुकून बाधित ठरवते. सर्वांची तपासणी केल्यास वीसांपैकी एकोणीस सापडतील. पण उरलेल्या ९८० मधून सुमारे २९ जण विनाकारण त्यात येतील. म्हणजे अठ्ठेचाळीसांपैकी एकोणतीस खोटे! तीच चाचणी निम्मे गाव बाधित असताना वापरली, तर ४७५ खऱ्यांमागे पंधराच खोटे निघतील. म्हणून विरळ प्रसाराच्या काळात केवळ या चाचणीवरून एखाद्या व्यक्तीवर शिक्का मारणे शास्त्रालाही धरून नाही व न्यायालाही.

प्रतिपिंडे आढळली म्हणजे माणूस पुन्हा आजारी पडणारच नाही, असेही नव्हे. शिवाय लसीकरणानंतर प्रतिपिंडे लसीमुळेही निर्माण होतात. ती कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहेत हे पाहिल्यावाचून संसर्ग व लस यांतील भेद कळत नाही.

या कामात आपणा सर्वांचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी नमुने थंड राखून वेळेत प्रयोगशाळेत पोचतील अशी व्यवस्था करावी. शिक्षकांनी रक्त कशासाठी घेतले जाते हे पालकांस समजावून सांगावे. पंचायत सदस्यांनी संमती मिळवावी, सक्ती करू नये; नकार देणाऱ्याचाही मान राखावा. व्यक्तीचा निष्कर्ष गुप्त ठेवावा, पण गावाचा निष्कर्ष ग्रामसभेत अवश्य सांगावा. ज्यांनी रक्त दिले त्यांचा तो हक्क आहे.

साथ येते तेव्हा गाव आरोपी शोधू लागते. प्रतिपिंड सर्वेक्षण कोणाचे नाव घेत नाही. रोग कोठवर पोचला एवढेच ते सांगते. औषध कोठे न्यावे व खाटा किती वाढवाव्यात, हे त्यावरून ठरविता येते. पुढील साथीच्या वेळी आपल्या जिल्ह्यापाशी अफवेऐवजी स्वतःचा आकडा असावा, आणि वाडीच्या वाटेवर लाकडे आडवी पडू नयेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.