नाताळचे ताट

(ज्युबिली वर्षी आगमनकाळात धर्मग्रामातील कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त नाताळच्या तिसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात सर्व कुटुंबांचे स्नेहसंमेलन व्हावयाचे आहे, व शेजारपाजारच्या अन्यधर्मीय बांधवांसही आमंत्रणे गेली आहेत. प्रत्येक विभागाने त्या दिवशी एकेक ताट सजवून आणावे असे ठरले. ते ताट कसे असावे हे विचारण्यास महिलामंडळाच्या भगिनी आमच्याकडे आल्या, तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. कारण स्वयंपाकघर हे आमच्या अधिकाराबाहेरचे क्षेत्र होय. परंतु जसजसा विचार केला, तसतसे दिसून आले की हा प्रश्न जितका चुलीचा आहे तितकाच धर्माचाही आहे. म्हणून आज त्याविषयीच बोलण्याचे योजिले आहे.

नाताळात शेजाऱ्यांकडे जे ताट आपण पाठवितो, त्यास मंगळूरकडची कुटुंबे ‘कुस्वार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’ ह्यावरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा हलका आहार असा आहे. आपण मराठी माणसे ह्याच पदार्थांना ‘फराळ’ म्हणतो. तो शब्द ‘फलाहार’ ह्यापासून झाला. तोही मूळचा उपवासाचाच! दोन भिन्न भाषांनी, दोन भिन्न धर्मांच्या घरी, उपवासाच्या शब्दासच सणाचा शब्द करावे, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. पोप सहावे पौल ह्यांनी १९६६ साली उपवासाचे नियम बदलीपर्यंत नाताळचा आदला दिवस हा चर्चमध्ये उपवासाचा दिवस होता. आता ते बंधन उरले नाही. परंतु ज्याने भूक ओळखली त्यासच ताटाची किंमत कळते, हे सत्य कोणत्याही नियमाने बदलत नाही.

अलीकडे आपली तरुण मंडळी लाकडी पाटावर थंड मांसाचे काप, चीज, फळे व सुकामेवा मांडून पाहुण्यांपुढे ठेवितात. ह्यास फ्रेंच शब्द ‘शार्क्युतेरी’ असा आहे. शिजविलेले मांस ह्या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला. कित्येक वडीलधाऱ्यांना हे नवे खूळ वाटते. पण ती मुळात गरिबाची बेगमी होय. युरोपात हिवाळ्यात गुरांना चारा पुरत नसे. म्हणून थंडीच्या तोंडावर जनावर मारून त्याचे मांस मिठात मुरवीत, धुरावर धरीत व पुढील महिने काढीत. मीठ मांसातील पाणी ओढून घेते, आणि पाण्यावाचून कुजविणाऱ्या जंतूंचे चालत नाही. गोव्याच्या माउल्यांनी हेच तंत्र पावसाळ्याच्या बेगमीसाठी वापरले. डुकराचे मांस, मीठ, मिरची, लसूण व माडाचा शिर्का एकत्र करून, दोरीला मण्यांप्रमाणे बांधून, उन्हात व चुलीच्या धुरात वाळवून त्यांनी ‘चोरीस’ केले. देशावरील गृहिणी चैत्र-वैशाखात पापड, कुरडया व सांडगे करितात, त्यामागेही हीच दूरदृष्टी आहे. तेव्हा ताट फळीवर असो वा परातीत असो, त्यात लाजण्यासारखे वा मिरविण्यासारखे काही नाही.

आता थोडे व्यवहाराचे. चोरीस हे विलायती सुकविलेल्या मांसाप्रमाणे कच्चे खावयाचे नसते. थोडे पाणी व कांदा घालून ते त्याच्याच चरबीत नीट शिजवावे, आणि पावासोबत द्यावे. सोरपोतेल तिसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते हे खरे, परंतु रोज त्याला उकळी आणिली पाहिजे. मांसाचे कोणतेही ताट दोन तासांपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवू नये. अंगणात ऊन असल्यास त्याहूनही कमी. माणशी पन्नास ग्रॅम मांस फळीवर पुरे होते, कारण त्याच्या जोडीला पाव, चीज, लोणचे व फळे असतात. फळे ह्या ऋतूतील घ्यावीत: पेरू, बोरे, आणि मिळाल्यास पुरंदरचे अंजीर. खारट पदार्थाच्या शेजारी गोड फळ व आंबट लोणचे असले म्हणजे जिभेला विसावा मिळतो.

ह्यापुढे आम्ही जे सांगणार आहो ते एका जुन्या चुकीच्या आठवणीने सांगतो. नवदीक्षित असताना आमची नेमणूक झाली, तेथे देवळाशेजारी एक निवृत्त शिक्षक राहात. दर नाताळात आम्ही त्यांना ताट पाठवीत असू, आणि ते ते आनंदाने स्वीकारीत. तिसऱ्या वर्षी ताट परत देताना त्यांनी आम्हांस विचारले, “फादर, आपल्या केकमध्ये अंडे असते काय?” आम्ही होय म्हणालो. ते क्षणभर थांबले, आणि इतकेच म्हणाले, “आपण दिलेत, म्हणून आम्ही विचारिले नाही.” त्यात राग नव्हता. पण त्यांनी आमच्यावर टाकलेला विश्वास आम्ही तीन वर्षे निष्काळजीपणाने वापरला होता, आणि त्याचे आम्हांस भानही नव्हते. त्या वेळी आम्ही निरुत्तर झालो. आजही त्यावर आमच्यापाशी उत्तर नाही.

शेजाऱ्याच्या घरचा घास घेणे ही ह्या पुणे शहरात एके काळी किती अवघड गोष्ट होती, हे इतिहास सांगतो. १८९० साली येथील पंचहौद मिशन ह्या आँग्लिकन मिशनात काही नामांकित गृहस्थ एका समारंभास गेले असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेविण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे त्यांत होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्ताचा वाद शहरात बराच काळ गाजला. एका चहाच्या पेल्यासाठी पाहुण्याला केवढे मोल द्यावे लागले! आज काळ बदलला आहे. पण जो शेजारी आपल्या अंगणात येऊन आपल्या ताटाला हात लावतो, तो आजही आपल्यावर भरवसा ठेवूनच लावतो.

ह्याच शहराची दुसरी आठवणही आपण विसरता कामा नये. पेशव्यांच्या सैन्यात कॅथलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली नाना पेठेतील आपले सिटी चर्च उभे राहिले. ज्यांचे अन्न आपल्या अन्नाहून वेगळे होते, त्यांनी आपल्याला वेदीसाठी भूमी दिली. त्या ऋणाची आठवण आपल्या ताटात दिसावयास नको काय?

संत पौलाने करिंथकरांस बजाविले आहे की, सर्व अन्न देवाचेच असले तरी आपल्या खाण्याने बंधूच्या विवेकाला ठेच लागत असेल तर आपण ते सोडावे. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक विभागाने एकाऐवजी दोन ताटे करावीत. पहिल्यात मांस, अंडे, मद्य ह्यांपैकी काहीही नसावे. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, नारळाच्या रसात मळलेले कुलकुल, तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा गूळ ह्यांचे दोदोल, आणि पेरूचे पेराद, एवढ्याने ते भरून जाईल. पेरादला इंग्रजीत चीज म्हणत असले तरी ते मुख्यतः पेरू, साखर व लिंबू ह्यांचे असते, हे पाहुण्यांस सांगावे. तळणीचे तेल नवे असावे. दुसऱ्या ताटात चोरीस, केक, अंड्याच्या बलकाची बेबिंका हे सर्व असू द्यावे. मात्र ते वेगळ्या मेजावर, वेगळ्या चमच्यांसह, आणि प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय आहे हे स्पष्ट मराठीत लिहून. ह्यात आपल्या रीतीची लाज नाही आणि दुसऱ्याच्या रीतीची अवहेलनाही नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच करिंथ नगरात एकत्र भोजनास श्रीमंत लवकर येऊन यथेच्छ खात, आणि गरीब उशिरा येऊन उपाशी राहात. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता काय, असा पौलाने त्यांना जाब विचारिला. आपल्या धर्मग्रामात यंदा आजारपणाने वा नोकरी गेल्याने खचलेली घरे आहेत. ती कोणती हे आम्ही जाणतो, आणि तुम्हीही जाणता. म्हणून कोणत्याही ताटावर घराचे नाव नसावे; विभागाचेच असावे. कुलकुल करण्यास एक संध्याकाळ सर्वांनी सभागृहात जमावे. पीठ देवळातर्फे मिळेल. काट्यावर वळावयाला केवळ हात लागतात, आणि ते देवाने सर्वांना दिले आहेत. मग त्या ताटात कोणाचे किती, हे कोणास सांगता येणार नाही.

पवित्र शास्त्रातील ज्युबिली म्हणजे कर्जमाफीचे व बंदिमुक्तीचे वर्ष. ज्याने गमावले त्याने पुन्हा आपल्या वतनावर परतावे, हा त्याचा हेतू. आपल्या अंगणातील त्या दिवशी जो लाजेने घरी राहिला असता तो आला, आणि जो शेजारी संकोचाने दूर उभा राहिला असता तो निर्धास्तपणे जेवला, तर आपली ज्युबिली साजरी झाली असे आम्ही समजू.

ज्याला बेथलेहेमात उतरावयास जागा मिळाली नाही, आणि ज्याने गोठ्यातील गव्हाणीचा स्वीकार केला, तो बाळ येशू तुमच्या घरांना, तुमच्या चुलींना व तुमच्या ताटांना आशीर्वाद देवो. आमेन.