खाऱ्या पाण्यातील तिवर

अबुधाबीच्या जुबैल बेटावर भरतीच्या चिखलात उभ्या असलेल्या सदाहरित झुडुपांना अरबीत कुर्म म्हणतात. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या खाड्यांतील तिवर ते हेच. शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरीना.

त्याची पाने समोरासमोर येतात. वरून चकचकीत हिरवी, खालून रुपेरी. मुळे बराचसा क्षार बाहेरच रोखतात. आत शिरलेला क्षार पानांवरील ग्रंथी बाहेर टाकतात. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर डोकावतात. बी झाडावरच फळाच्या आत रुजते आणि मग पाण्यावर तरंगत जाते. आखाताचे पाणी अतिशय खारट. त्यामुळे येथे तिवर ठेंगणे राहते, पण तग धरते.

मात्र भराव घालून भरतीची वाट अडविली, अथवा श्वसनमुळांवर तेलाचा थर बसला, तर ते गुदमरते. अमिरातींनी 2030 पर्यंत 10 कोटी रोपे लावण्याचा संकल्प 2021 साली जाहीर केला. तो स्तुत्यच आहे; परंतु लावलेले रोप जगावयाचे तर पाण्याची ये-जा आधी राखली पाहिजे. मुलांना तेथे न्याल तेव्हा लाकडी पायवाटेवरूनच झाडे दाखवा. चिखलातील त्या टोकांवर पाऊल पडू देऊ नका. झाड तेथूनच श्वास घेते.